जाति कशास म्हणावें?

कांहीं दिवसांपूर्वीं एका संध्याकाळीं आम्ही आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं बसलों असतां त्यांचा धाकटा मुलगा शेजारच्या खोलींत जीवशास्त्राचा धडा मोठ्यानें पाठ करीत होता. "सृष्टि, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाति, जाति" ही उतरती मालिका तो पाढ्यासारखी घोकीत होता. मध्येंच त्याचा आवाज थांबला आणि तो पुस्तक हातांत घेऊनच बाहेर आला. त्याची अडचण साधी होती. पृथ्वीच्या पाठीवरील सर्व माणसांची जाति एकच, असें पुस्तकांत लिहिलें होतें. आणि त्याच दिवशीं शाळेंतून मिळालेल्या छापील अर्जांत जातीसाठीं एक स्वतंत्र रकाना होता. या दोहोंपैकीं खरें कोणतें, असें त्यानें वडिलांना विचारलें. स्नेही हंसले, "पुस्तकांतली जात निराळी आणि अर्जांतली निराळी," असें म्हणून त्यांनीं त्याला पुन्हां अभ्यासाला पिटाळलें. उत्तर चुकीचें नव्हतें. पण मुलाचें त्यानें समाधान झालेलें दिसलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि झालें नाहीं.

हा घोटाळा केवळ शब्दाचा असता तर कोशकारांवर सोंपवून आपण मोकळे झालों असतों. परंतु तो तसा नाहीं. घोडा, गवई व आंबा या तिघांनाहि आपण ‘जातिवंत’ हें एकच विशेषण लावतों. अमक्याचा स्वभाव ‘जात्याच’ तसा आहे म्हणतों. आणि ‘खाण तशी माती’ असें म्हणून निश्चिंत होतों. म्हणजे समाजांतील जाति ही सृष्टींतील जातीसारखीच कांहीं तरी मुळांतली, रक्तांतली, न पुसणारी वस्तु आहे अशी समजूत आपल्या बोलण्यांत मुरलेली आहे. तेव्हां दोन प्रश्न वेगवेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला असा कीं, समाजांतील जातीला निसर्गाचा आधार आहे काय? दुसरा असा कीं, आधार असला काय किंवा नसला काय, त्यावरून माणसानें माणसाशीं कसें वागावें याविषयीं कांहीं ठरतें काय? पहिला प्रश्न शास्त्राचा व दुसरा नीतीचा आहे. पहिल्याचें उत्तर दुसऱ्याच्या जागीं ठेवण्याची चूक जुन्यांनीं केली, आणि सुधारकहि ती पुष्कळदां करतात.

सृष्टींतील जाति कोणती, हें ठरविण्याची सध्यांची पद्धति स्वीडनमधील कार्ल लिनीअस यानें घालून दिली. १७३५ सालीं त्याचा ‘सिस्टिमा नॅचुरी’ हा ग्रंथ निघाला तेव्हां तो मोठ्या आकाराच्या अवघ्या कांहीं पानांचा होता. पुढें त्याचे खंडच्या खंड झाले. १७५३ सालीं वनस्पतींना आणि १७५८ च्या दहाव्या आवृत्तींत प्राण्यांना त्यानें दोन पदांचीं नांवें पद्धतशीरपणें दिलीं. पहिलें पद प्रजातीचें आणि त्याला जोडून दुसरें जातीचें. पत्रावर घर, आळी, गांव, तालुका, जिल्हा असा पत्ता लिहावा तशी ही योजना आहे. लहान गट मोठ्यांत व तो त्याहून मोठ्यांत बसावयाचा. मनुष्याला त्यानें वानरांच्या शेजारीं बसविलें, ही त्या काळीं धाडसाची गोष्ट होती. इतर प्राण्यांचीं लक्षणें त्यानें सविस्तर लिहिलीं. मनुष्याच्या नांवापुढें मात्र, त्यानें स्वतःला ओळखावें, एवढीच सूचना करून तो थांबला. तेथेंच तो थांबता तर बरें झालें असतें. पण तें पुढें येईल.

जाति रूपावरून ओळखावी, असें आपल्याला सहज वाटतें. परंतु रूपाची साक्ष किती कच्ची असते, हें खुद्द लिनीअसच्याच उदाहरणावरून दिसतें. युरोपांतील एका सामान्य रानबदकाला त्यानें दोन निरनिराळ्या जातींत घातलें होतें. त्या दोन ‘जाति’ म्हणजे एकाच बदकांतील नर आणि मादी निघालीं. उलट, युरोपांतील एका चिमुकल्या वटवाघळाला सर्वजण एकच जाति समजत होते; विसाव्या शतकाच्या अखेरीस असें कळून आलें कीं, त्यांत दोन जाति आहेत. एकीची हांक सेकंदाला सुमारें पंचेचाळीस हजार कंपनांची, दुसरीची पंचावन्न हजारांची, आणि त्या आपसांत मिसळत नाहींत. डोळ्यांना एक दिसणारीं दोन निघालीं, आणि दोन दिसणारीं एक.

मग खरी कसोटी कोणती? इंग्लंडांतील जॉन रे यानें १६८६ सालींच असें सुचविलें होतें कीं, एकाच बीजापासून जीं झाडें पुन्हां पुन्हां उगवतात तीं बाह्यतः कितीहि वेगळीं दिसलीं तरी एकाच जातीचीं समजावीं. १९४२ सालीं एर्न्स्ट मायर यानें हीच गोष्ट अधिक नेमकी केली : जे जीव निसर्गांत परस्परांशीं संकर करून वंश चालवूं शकतात व इतर समूहांपासून या बाबतींत तुटलेले असतात, त्यांची एक जाति. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होतें, पण खेचराचा वंश सहसा चालत नाहीं. घोड्याच्या पेशींत चौसष्ट गुणसूत्रें, गाढवाच्या पेशींत बासष्ट. खेचराच्या वांट्याला त्रेसष्ट येतात व त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहींत. ही कसोटीहि सर्वत्र लागू पडते असें नाहीं. जंतु एकाचे दोन होऊन वाढतात, त्यांना ती लावतां येत नाहीं. आणि आपल्या पोळीचा गहू तर तीन वेगवेगळ्या तृणांच्या मीलनानें झालेला आहे. निसर्गाच्या भिंतींनाहि खिंडारें असतात, आणि डार्विननें १८५९ सालीं दाखविल्याप्रमाणें त्या भिंती कालांतरानें उभ्या राहिलेल्या आहेत, अनादि नाहींत. तरी पण भिंत आहे कीं नाहीं हें पाहण्याची रीत हीच : रंग, नाक वा उंची पाहूं नका, वंश मिसळतो कीं नाहीं तें पहा.

आतां आपल्या घरांतलेंच उदाहरण घेऊं. हापूस, पायरी, रायवळ या ‘आंब्याच्या जाति’ आहेत असें आपण म्हणतों. वनस्पतिशास्त्र म्हणतें, जाति एकच. हे तिचे प्रकार. हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल अशी खात्री कोणीहि कोंकणांतला बागाईतदार देणार नाहीं. मोहरावर माश्या बसतात, कोणाचे परागकण कोठें जातात याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, आणि एका पिढींत हापूसपणा विस्कटतो. म्हणून तर कलम बांधावें लागतें. तें कलम बांधतात कशावर? बहुधा रायवळीच्याच रोपावर. म्हणजे जातिवंत हापूस रायवळीच्या मुळांवर उभा असतो, तिच्या मुळांनीं जमिनींतलें पाणी पितो, आणि बाजारांत मात्र स्वतःच्याच नांवानें विकला जातो. त्याची जात निसर्गानें राखलेली नाहीं. माणसानें सुरी आणि सुतळी घेऊन पिढ्यान् पिढ्या राखली आहे. आंब्याच्या बाबतींत यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु जें कलमानें राखावें लागतें त्याला निसर्गसिद्ध म्हणूं नये, इतका बोध यांतून घ्यावयास हरकत नाहीं.

मनुष्याच्या जातिभेदाला हीच कसोटी लावून पहावी. निसर्गानें जेथें भिंत घातली आहे तेथें मनुष्याला पहारेकरी नेमावा लागत नाहीं. कुत्र्यानें मांजरीशीं विवाह करूं नये, असा नियम कोणत्याहि स्मृतींत नाहीं, कारण त्याची गरज नाहीं. उलट मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडावा : अमक्या वर्णाचा पिता व तमक्या वर्णाची माता यांच्या संततीला अमुक म्हणावें, तिच्यांत व दुसऱ्या एकींत संबंध झाल्यास होणाऱ्या संततीला तमुक म्हणावें, अशी लांबलचक यादी तेथें आहे. ती यादी संकराचा निषेध करण्यासाठीं लिहिली गेली. पण शास्त्राच्या दृष्टीनें तिच्याइतका स्पष्ट कबुलीजबाब दुसरा नाहीं. मुलें झालीं, त्यांना नांवें द्यावीं लागलीं, त्यांनाहि मुलें झालीं. खेचराची वंशावळ कोणी लिहीत बसत नाहीं. निषेधाची कडक भाषाच सांगते कीं, येथें निसर्गाची आडकाठी नव्हती, म्हणून माणसांना ती घालावी लागली.

ही गोष्ट नव्या शास्त्रानेंच प्रथम ओळखली असेंहि नाहीं. पाली सुत्तनिपातांतील वासेट्ठ सुत्तांत, ब्राह्मण जन्मानें होतो कीं कर्मानें, असा वाद घेऊन दोन तरुण बुद्धाकडे येतात. त्यांना दिलेल्या उत्तराचा आशय असा कीं, गवत व वृक्ष, किडे व मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यांत जातीजातींस वेगळें ओळखविणारीं अंगभूत चिन्हें आहेत. मनुष्यांत मात्र केस, डोळे, ओठ, नाक, हात, पाय यांपैकीं कशांतहि तसें चिन्ह नाहीं. मनुष्यांतील भेद हा व्यवहारांतील नांवांचा भेद आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र नसतां केवळ नीट पाहिल्यानें इतकें कळलें होतें.

सूक्ष्मदर्शक यंत्रानें त्यांत जी भर घातली ती मोठी आहे. १६६५ सालीं रॉबर्ट हूक यानें बुचाच्या पातळ कापांत लहान लहान कोठड्या पाहिल्या व त्यांना कोठडीचेंच नांव दिलें. आपण त्यांस पेशी म्हणतों. १८३८-३९ मध्यें श्लायडेन व श्वान यांनीं वनस्पति आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात हें प्रतिपादिलें, आणि पुढें १८५५ च्या सुमारास फिर्शो यानें, प्रत्येक पेशी ही आधींच्या पेशीपासूनच होते, हें सूत्र रूढ केलें. या सूत्राचा अर्थ कुलाभिमानी माणसानें एकदां सावकाश मनांत आणावा. आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीच्या मागें तिची जननी, तिच्या मागें तिची जननी, अशी सांखळी साडेतीन अब्ज वर्षांपलीकडे कोठेंहि न तुटतां गेलेली आहे. तुटली असती तर आपण नसतों. असें असतां अमक्याचें घराणें जुनें व तमक्याचें नवें, या म्हणण्यांत काय राहतें? झाडूवाल्याची, संपादकाची, उंबऱ्यावरच्या मांजराची आणि अंगणांतल्या तुळशीची वंशावळ सारखीच जुनी आहे. फरक इतकाच कीं, आपल्यापैकीं कांहींनीं तिचीं शेवटचीं पांचसहा नांवें वहींत लिहून ठेवलीं आहेत.

शुद्ध रक्ताचा अभिमान तर पेशीच्या दारापाशींच थबकतो. आपल्या पेशींत शक्ति उत्पन्न करणारे जे सूक्ष्म कण आहेत, ज्यांस तंतुकणिका म्हणतात, ते एके काळीं स्वतंत्रपणें जगणारे जंतु होते; दुसऱ्या एका पेशीनें त्यांना पोटांत घेतलें, पण ते पचले नाहींत, तेथेंच नांदूं लागले. लिन मार्ग्युलिस या विदुषीनें १९६७ सालीं हें मत मांडलें तेव्हां त्यास पुष्कळ विरोध झाला. आज तें सर्वमान्य आहे, कारण त्या कणिकांपाशीं त्यांचें स्वतःचें, जंतूंसारखें गुणद्रव्य अद्यापि आहे. म्हणजे प्राणिमात्राचा प्रत्येक श्वास एका पुरातन संकराच्या बळावर चालला आहे. ज्या शब्दाला आपल्या वाङ्मयांत निंदेचा इतका वास आला, त्याच घटनेनें ज्याला आपण जीवन म्हणतों तें फुललें.

मुंबईंतील एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांना तेथें असें रक्त आढळलें कीं, तें ए, बी, ओ यांपैकीं कोणत्याहि गटांत नीट बसेना. सर्वांना चालणारें समजलें जाणारें ओ गटाचें रक्तहि त्याला चालत नव्हतें. या गटाला जगभर ‘बाँबे’ गट असेंच नांव पडलें. अशा गटाच्या रोग्याला रक्त लागलें तर त्याच गटाचा दाता शोधावा लागतो, आणि असा माणूस आपल्या देशांत दहा हजारांत सुमारें एखादा. त्या वेळीं रोग्याचे नातेवाईक दात्याला काय विचारतात? तो कोठें आहे आणि किती लवकर येईल, एवढेंच. रक्ताचा खरोखरचा भेद जेथें जीवनमरणाचा असतो तेथें तो आपल्या जातींच्या रेषांवरून जात नाहीं. आणि आपल्या जातींच्या रेषा जेथून जातात तेथें रक्त थांबत नाहीं.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, शास्त्र तर सुधारकांच्या पक्षाला मिळालें. आम्हांला इतकें सोपें वाटत नाहीं. शास्त्र ज्यांच्या हातीं होतें त्यांनींच त्याचा दुरुपयोगहि केला आहे. लिनीअसनेंच दहाव्या आवृत्तींत मनुष्याचे चार प्रकार करून त्यांना स्वभाव चिकटविले : युरोपीय तो कुशाग्र व कल्पक, आफ्रिकी तो आळशी व लबाड, मन मानेल तसा वागणारा, आणि आशियाई, म्हणजे आपण, ते गर्विष्ठ व लोभी. आपल्याविषयींचें हें वाक्य वाचून ज्याला राग येईल त्यानें एक क्षण थांबून स्वतःस विचारावें कीं, आपण शेजारच्या वस्तीविषयीं याच प्रकारचें वाक्य शेवटचें केव्हां उच्चारलें? पुढें १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त रिस्ले यांनीं नाकांचीं मापें घेऊन, नाक जितकें रुंद तितकी जातीची प्रतिष्ठा कमी, असा सिद्धांत बसविला. डॉ. घुर्ये यांनीं १९३२ सालीं दाखविलें कीं, हा नियम उत्तर हिंदुस्थानाच्या कांहीं भागाबाहेर लागू पडत नाहीं, आणि डॉ. आंबेडकरांनीं १९३६ च्या आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणांत जाति म्हणजे वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे, असें स्पष्ट प्रतिपादिलें. त्याच सुमाराच्या थोडें आधीं इरावती कर्वे बर्लिनमध्यें ऑयगेन फिशर याच्या हाताखालीं संशोधन करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशीं संबंध आहे असें त्याला सिद्ध व्हावयास हवें होतें. त्यांनीं कवट्या मोजल्या, आणि तसा संबंध दिसत नाहीं असें आपल्या प्रबंधांत लिहिलें. परक्या देशांत, गुरूच्या मताविरुद्ध, मापें जशीं निघालीं तशीं लिहिणें ही लहान गोष्ट नव्हे.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. आतां माणसांचें गुणद्रव्य अक्षरशः वाचतां येतें, आणि त्यांत आपल्या जातींचे ठसे दिसतात. २०१३ सालीं हैदराबाद येथील सी.सी.एम.बी. या संस्थेंतील व अमेरिकेंतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, सुमारें बेचाळीसशें ते एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या काळांत या देशांतील लोकांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण झालें, आणि तें जवळजवळ सर्व समूहांत पोंचलें. त्यानंतर तें थांबलें व समूह आपापल्यांतच विवाह करूं लागले. मग जाति नैसर्गिक ठरली काय? आम्हांला वाटतें, उलट ठरलें. भेद होता म्हणून भिंत बांधली असें यांत नाहीं. भिंत बांधली म्हणून भेद सांचला, असें आहे. नदीला बांध घातला तर दोन्हींकडच्या पाण्याची चव कालांतरानें बदलेल. पण त्यावरून पाणी मुळांत दोन होतें असें म्हणतां येणार नाहीं. या सांचण्याची किंमतहि मुलांनीं भरली आहे. लहान समूहांत पिढ्यान् पिढ्या विवाह झाले कीं, आईबाप दोघांकडून एकच दोष येण्याचा संभव वाढतो, आणि कांहीं दुर्मिळ रोग कांहीं समूहांत ठाण मांडून बसतात. आपण ज्याला शुद्धता म्हणत आलों तिचें वैद्यकाच्या भाषेंतील नांव फारसें गौरवाचें नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. समजा, हें सर्व उलट निघालें असतें; समजा, दोन समूहांत कांहीं खरा, मुळांतला भेद सांपडला असता. तर एकानें दुसऱ्याला पाणवठ्यावरून हांकलणें न्याय्य ठरलें असतें काय? गाय आणि मनुष्य यांची जाति खरोखरच वेगळी आहे. तरी गाईला विनाकारण मारणें आपण योग्य मानीत नाहीं. म्हणजे जातीच्या भिंतीपाशीं आपली नीति मुळांतच थांबत नव्हती. ज्या समाजानें मुंग्यांना साखर घातली त्यानेंच स्वतःच्या जातीच्या, अगदीं जीवशास्त्रीय जातीच्या, माणसाला सावलीसह दूर उभें केलें. यांत शास्त्राचें अज्ञान नव्हतें, न्यायाचा अभाव होता. म्हणून समतेची इमारत जीवशास्त्राच्या पायावर उभारूं नये. उद्यां एखादा नवा शोध लागला म्हणून ती डळमळतां कामा नये. जीवशास्त्राचें काम न्यायाधीशाचें नव्हे. तें फक्त एका खोट्या साक्षीदाराला, ‘हें निसर्गानेंच केलें आहे’ असें शपथेवर सांगणाऱ्याला, पिंजऱ्यांतून खालीं उतरवितें. हें काम थोडें नाहीं. कारण तो साक्षीदार उतरला कीं, कृत्याची जबाबदारी करणाऱ्यांकडे परत येते.

आणि ती परत आली कीं मग रकान्याचा प्रश्न येतो. ‘आम्ही जात मानीत नाहीं, रकाना कोरा सोडा’ असें म्हणणें ज्यांच्या पूर्वजांना भिंतीचा उपयोग झाला त्यांना सोपें आहे. ज्यांना ती भिंत लागली त्यांच्या जखमा मोजण्यासाठींहि तोच रकाना लागतो. जाति निसर्गांत नाहीं म्हणून समाजांतहि नाहीं, असें समजणें ही नवी पळवाट होय. बांध माणसांनीं घातला असला तरी त्याच्या खालीं शेतें सुकलीं तीं खरींच सुकलीं.

तेव्हां त्या मुलाला असें सांगावयास हवें होतें : बाळ, पुस्तकांतली जाति निसर्गानें केलेली, ती आपण मोडूं शकत नाहीं. अर्जांतली माणसांनीं केलेली, ती मोडणें आपल्या हातीं आहे. आणि मोडेपर्यंत तिनें कोणाचें काय नेलें याचा हिशेब ठेवण्यासाठीं हा रकाना आहे. हें सांगावयास कठीण नव्हतें. पण त्या संध्याकाळीं स्नेह्यांच्या मेजावर दुसराहि एक छापील अर्ज पडला होता. तो विवाहमंडळाचा होता, त्यांच्या मोठ्या कन्येसाठीं. त्यांत जातीचा, पोटजातीचा आणि गोत्राचा असे तीन रकाने होते, व ते तिन्ही स्नेह्यांच्या सुंदर वळणदार अक्षरांत भरलेले होते. त्यांची त्या अर्जावर व आमची त्यांच्यावर एकाच वेळीं नजर गेली. आम्हीं चहाचा पेला खालीं ठेवला, पावसापाण्याची गोष्ट काढली, आणि थोड्या वेळानें निरोप घेतला. आमच्या घरीं अशा वेळीं कोणता अर्ज भरला गेला होता, हें आम्हांस रस्त्यानें जातांना आठवलें. मुलाचा प्रश्न वडिलांना होता खरा. परंतु त्याचें उत्तर आम्हांलाहि अद्यापि द्यावयाचें आहे.